पियानो ऐकण्यासाठी स्पीकर निवडताना

प्रश्न : मुलगी पियानो शिकते, त्यामुळे खऱ्या वाद्याचा आवाज रोज कानावर पडतो. त्याच खोलीत आमचे दोन स्पीकर आहेत. त्यांवर गाणं चांगलं लागतं, व्हायोलिन तर सुरेख. पण पियानोचं रेकॉर्डिंग लावलं की कुणी खोक्यात बसून वाजवतंय असं वाटतं. मधले काही स्वर उगाच पुढे येतात आणि जोराचे भाग कर्कश होतात. आता नवे स्पीकर घ्यायचे आहेत. विक्रेते म्हणतात, माहितीपत्रकावर ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ असलं की झालं, सगळा पियानो त्यात बसतो. एवढं पुरेसं आहे का? उंच टॉवर घ्यावेत, की छोटे स्पीकर आणि जोडीला सबवूफर? — एक पालक

उत्तर : ‘मधले काही स्वर उगाच पुढे येतात’ या तुमच्या वाक्यातच निम्मं निदान आहे. मी पियानो ट्यून करते. ८८ पट्ट्यांचे स्वर एकाच वाद्याचे वाटावेत, एखादाही शेजारच्यापेक्षा बोचरा किंवा बोथट लागू नये, यासाठी आमचा बराचसा वेळ जातो. एखादी हातोडी कडक वाजत असेल तर तिच्या फेल्टला सुईने टोचून तिला मऊ करावं लागतं. निगुतीने साधलेला हा समतोल स्पीकरने मोडला, तर कान तो लगेच पकडतो. गायकाच्या गळ्यात कंप असतो, व्हायोलिनवर बोट हलतं, आणि स्पीकरचा बारीक दोष त्या हालचालीत लपून जातो. पियानोत हातोडी एकदा तारेवर आपटली की तो स्वर वादकाच्या ताब्यात राहत नाही. तो सरळ निघतो आणि सरळ विरतो. स्पीकरने त्यात भर घातली तर ती उघडी पडते.

आधी त्या आकड्यांविषयी. पियानोचा सर्वांत खालचा स्वर २७.५ हर्ट्झचा आणि सर्वांत वरचा सुमारे ४,१८६ हर्ट्झचा. त्यावर प्रत्येक स्वराचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत निघणारे वरचे बारीक स्वर, आणि हातोडीच्या ठोक्याचा आवाज, हे बरंच वर जातात. म्हणजे कागदावर विक्रेत्यांचं बरोबर आहे. पण तो पल्ला किती डेसिबलच्या फरकात गाठला हे लिहिलेलं नसेल, तर त्या आकड्यावरून काहीच कळत नाही. ३ डेसिबल कमी-जास्त असं लिहिलेलं असेल तर त्याला अर्थ आहे.

अगदी खालच्या टोकाची फार काळजी करू नका. ४० हर्ट्झपर्यंत नीट पोचणारा स्पीकर घेतलात, तर ज्यांचा मूळ स्वर त्याच्या खाली राहतो अशा पट्ट्या फक्त सात आहेत, सर्वांत डावीकडच्या. त्यातही खऱ्या पियानोत या पट्ट्यांचा मूळ स्वर क्षीणच असतो. साउंडबोर्डला, म्हणजे तारांचे कंप हवेत सोडणाऱ्या मोठ्या लाकडी फळीला, इतके खोल कंप हवेत नीट सोडताच येत नाहीत. आपल्याला ऐकू येतात ते मुख्यतः त्यांचे उपस्वर, आणि त्यांवरून मूळ स्वर कान स्वतः उभा करतो. त्यामुळे केवळ खर्जाच्या खोलीवर पैसे घालायला मी सांगणार नाही.

ते घाला खोक्यावर आणि मधल्या पट्ट्यात, म्हणजे मधल्या उंचीच्या स्वरांत. स्पीकरच्या खोक्याच्या फळ्या बहुतेक वेळा १५० ते ५०० हर्ट्झच्या आसपास थरथरतात. पियानोचा मधला सा, म्हणजे मिडल सी, २६१.६ हर्ट्झचा, तो या पट्ट्याच्या ऐन मध्यात येतो. दोन्ही हातांची सगळ्यात जास्त वर्दळ इथेच असते. एखाद्या स्वरावर फळी स्वतःच बोलू लागली की तो स्वर फुगतो, थांबायला हवा तेव्हा थांबत नाही, आणि तुम्ही म्हणता तसा ‘खोक्यातला’ वाटतो. खोक्याच्या कुशीवर बोटाच्या पेराने ठोकून पाहा. कोरडा, आखूड ‘ठक’ यावा. ठोकल्यावर ओळखू येईल असा सूर निघाला, तर तोच सूर वादनातही निघणार. कसोटी ढोबळ आहे, पण मी ती नेहमी करते.

मात्र पुढे येणाऱ्या स्वराचा दोष स्पीकरचा की खोलीचा की रेकॉर्डिंगचाच, हे नवीन काही घेण्याआधी शोधा. खालपासून वरपर्यंत प्रत्येक काळी-पांढरी पट्टी क्रमाने, सारख्या जोराने वाजवलेलं रेकॉर्डिंग लागेल. मुलीकडून घरीच करून घ्या, फोनवर केलेलंही चालेल. आधी ते हेडफोनवर ऐका आणि कोणते स्वर उसळतात ते टिपून ठेवा. हेडफोनमध्ये खोलीचा हात नसतो. मग स्पीकरवर लावा. नवे स्वर उसळू लागले तर खुर्ची मीटरभर पुढे-मागे सरकवा. उसळणारा स्वर बदलला तर दोष खोलीचा. खुर्ची कुठेही ठेवली तरी तोच स्वर पुढे येत असेल तर संशय स्पीकरवर घ्या.

खोलीचा दोष समजून घेण्यासारखा आहे, कारण तो नव्या स्पीकरांसोबतही तसाच राहील. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठरावीक लांबीच्या लहरी अडकून घुमतात. ४ मीटर लांबीच्या खोलीत पहिली घुमणारी लहर ४३ हर्ट्झच्या जवळ येते. डावीकडून नववी पट्टी, म्हणजे खालचा एफ, जवळजवळ तिथेच पडते. दुसरी लहर तिच्या दुप्पट, ८६ च्या आसपास, म्हणजे पुन्हा वरच्या सप्तकातला एफ. खोली ५ मीटरची असेल तर पहिली लहर ३४ हर्ट्झच्या आसपास, पाचव्या पट्टीपाशी. लोक या घुमण्याला स्पीकरचा दोष समजतात आणि स्पीकर बदलत राहतात, पण बदलायला हवी असते ती जागा. खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली नको, खोलीच्या अगदी मधोमधही नको. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा. उघड्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये टाळी वाजवून जर चर्रर्र असा प्रतिध्वनी आला, तर पियानोच्या प्रत्येक ठोक्यामागे तो येतच असणार. तिथे पुस्तकांचं कपाट किंवा जाड पडदा उपयोगी पडतो. खर्जाच्या घुमण्यावर मात्र पडद्याचा काही परिणाम होत नाही.

आता कर्कशपणा. घरच्या खोलीत मोठा पियानो जोरात वाजला तर आवाजाची शिखरं शंभर डेसिबलच्या वर जातात, आणि पुढच्याच क्षणी वादक कुजबुजीइतका हळू येतो. बहुतेक छोट्या स्पीकरांवर लिहिलेलं असतं की एका वॅटला, एका मीटरवर ८५ डेसिबल. त्याच स्पीकरला ९५ गाठायला १० वॅट लागतात आणि १०५ गाठायला १००. ऐकणारा तीन मीटरवर बसला असेल तर आणखी हवे. अँप्लिफायरकडे तेवढं बळ नसेल तर शिखराचं टोक छाटलं जातं. असलं तरी छोट्या वूफरची, म्हणजे स्पीकरमधल्या खर्ज काढणाऱ्या भागाची, कॉइल तापते, तिचा रोध वाढतो आणि आवाज दबतो. तुमच्याकडे जोराचे भाग कर्कश होण्याचं हे मला सर्वांत संभाव्य कारण वाटतं. ९१ डेसिबलचा स्पीकर घेतलात तर ८५ वाल्याच्या चौथाई ताकदीत तेवढाच आवाज निघतो. माहितीपत्रकातला हा आकडा २०,००० हर्ट्झपेक्षा तुमच्या कितीतरी जास्त कामाचा आहे.

दुसरंही एक कारण असतं. पाच-सहा इंची एकच वूफर डाव्या हाताचा खर्जही काढतो आणि उजव्या हाताची चालही. खर्जासाठी तो मागेपुढे मोठी झेप घेत असताना त्याच्यावर स्वार झालेले मधले स्वर हेलकावतात, गढूळ होतात. म्हणून खोलीत जागा असेल तर माझी पसंती थ्री-वे स्पीकरला: खर्जासाठी आठ-दहा इंची वूफर, मधल्या पट्ट्यासाठी वेगळा ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग) आणि वरच्या स्वरांसाठी ट्वीटर. टॉवर असो वा रुंद खोका, उंचीशी मला देणंघेणं नाही. उंच टॉवरमध्ये एकच आकाराचे छोटे वूफर ओळीने लावलेले असतील तर त्यांच्यात काम कसं वाटून दिलं आहे हे विचारा. खोली लहान असेल तर स्टँडवरचे चांगले टू-वे (फक्त वूफर आणि ट्वीटर असलेले) आणि एक सबवूफर हा मार्गही उत्तम आहे, पण तो मन लावून जुळवावा लागतो. सबवूफरची हद्द ८० हर्ट्झला ठेवलीत तर पहिल्या एकोणीस पट्ट्यांचे मूळ स्वर त्याच्याकडे जातात. विसावी पट्टी ८२.४ हर्ट्झची आहे. तेच पट्ट्यांचं रेकॉर्डिंग लावा आणि पंचविसाव्या पट्टीपासून खाली उतरत जा. हद्द ओलांडताना पायरी जाणवली, वाद्य बदलल्यासारखं वाटलं, तर सबवूफरचा आवाज कमी करा, फेजचं बटण फिरवून पाहा, त्याला दोन्ही स्पीकरांच्या जवळ आणा. बहुतेक घरांत सबवूफर चित्रपटासाठी लावलेला असतो, आणि पियानोसाठी तो फार मोठा होतो.

काही जण तुम्हाला इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर सुचवतील. क्वाड कंपनीच्या १९५७ सालच्या स्पीकरपासून त्यांचं नाव पियानोसाठी घेतलं जातं, आणि ते योग्य आहे: खोकं नाही, अतिशय हलका पडदा, मधली सप्तकं स्वच्छ. ते जोर मात्र मर्यादितच सोसतात. हळुवार वादन ऐकणाऱ्याला मी ते आनंदाने सुचवेन. तुमची जोराच्या भागांची तक्रार पाहता तुम्हाला नाही.

दुकानात ऐकताना कशाकडे कान द्यायचा? स्वराच्या सुरुवातीकडे आणि शेवटाकडे. खर्जात हातोडी तारेला सुमारे चार सहस्रांश सेकंद टेकते, वरच्या टोकाला एक सहस्रांशही नाही. त्या ठोक्यात लाकडाचा, पट्टी तळाशी टेकल्याचाही आवाज मिसळलेला असतो. तो ऐकू यायला हवा, पण टाचणीसारखा टोचायला नको. ट्वीटर चकचकीत असला की दुकानात ठोका फार ‘स्पष्ट’ वाटतो आणि घरी आठवड्याभरात डोकं दुखतं.

शेवटाकडे तर लोक फारसं ऐकतच नाहीत, आणि मला ते सगळ्यात प्रिय आहे. पियानोच्या मधल्या आणि वरच्या भागात प्रत्येक स्वराला तीन तारा असतात. हातोडी लागल्यावर तिन्ही एकत्र हलतात, ब्रिजला, म्हणजे त्यांचे कंप साउंडबोर्डला देणाऱ्या लाकडी आधाराला, जोराने ओढतात, त्यामुळे ऊर्जा भरभर निघून जाते आणि आवाज झपाट्याने उतरतो. तारांच्या सुरांत केसाइतका फरक असतोच. थोड्या वेळाने त्यांची चाल वेगळी होते, ब्रिजवरचा त्यांचा ओढा एकमेकांना छेदतो, आणि उरलेला स्वर सावकाश, लांबवर रेंगाळतो. भौतिकशास्त्रज्ञ गॅब्रिएल वाइनराइख यांनी १९७७ साली हे गणिताने मांडलं. ट्यूनरचे हात ते पिढ्यान्‌पिढ्या साधत आले आहेत. एखादा पियानो ‘गातो’ असं आपण म्हणतो, तेव्हा ही दुसरी उतरण चांगली साधलेली असते. रेकॉर्डिंगमध्ये एकच लांब धरलेला स्वर शोधा आणि तो पूर्ण संपेपर्यंत ऐका. चांगल्या स्पीकरवर तो पातळ होत जातो, पण त्याचा रंग तोच राहतो. वाईटावर तो विरतानाच मध्ये दुसऱ्या कुठल्यातरी स्वराचा गुंजारव उरतो.

आणखी एक करा. खुर्चीवरून उठून खोलीत फिरा, मग दार उघडं ठेवून बाहेर जा. खऱ्या पियानोचा साउंडबोर्ड सगळीकडे आवाज सोडतो, म्हणून शेजारच्या खोलीतूनही आपण ‘कुणीतरी वाजवतंय’ असं ओळखतो. साडेसहा इंची वूफर २,००० हर्ट्झच्या आसपास समोरच झोत टाकू लागतो. तिथेच आवाज सगळीकडे पसरवणारा ट्वीटर काम हाती घेत असेल, तर बाजूच्या भिंतींवर जाणारा आवाज समोरच्याहून वेगळा होतो. बाजूला उभं राहून वाद्य ओळखीचं राहिलं, तर क्रॉसओव्हर, म्हणजे वूफर आणि ट्वीटरमधली स्वरांची वाटणी, विचारपूर्वक केला आहे असं समजा. मुलीला सोबत न्या. रोज बोटं ठेवणाऱ्याचे कान माहितीपत्रकापेक्षा विश्वासार्ह असतात.

प्रश्न : माझ्याकडे डिजिटल पियानो आहे. हेडफोनवर तो सुरेख वाजतो, पण त्याच्या स्वतःच्या स्पीकरवर चपटा. बाहेरचे स्पीकर जोडायचे आहेत. घरात ब्लूटूथ स्पीकर पडून आहे, तो चालेल का? — संगीताचा विद्यार्थी

उत्तर : वाजवण्यासाठी ब्लूटूथ नको. त्यात आवाज बरेचदा ०.१ सेकंदाहून जास्त उशिरा पोचतो. ऐकणाऱ्याला कळत नाही, पण वाजवणाऱ्याचं बोट आणि कान यांची गाठ सुटते आणि लय बिघडते. पियानोच्या लाइन आउटमधून केबल घ्या.

एकच स्पीकर लावायचा मोहही टाळा. तुमच्या वाद्यातले नमुने बहुधा दोन मायक्रोफोनांनी, डावा-उजवा असे घेतलेले असतात. ते एकात मिसळले की दोन्ही मायक्रोफोनांपर्यंत वेगवेगळ्या वेळी पोचलेला एकच स्वर स्वतःलाच कुठे खोडतो, कुठे वाढवतो, आणि तो चपटेपणा परत येतो. स्टुडिओत वापरतात तसे दोन अ‍ॅक्टिव्ह मॉनिटर घ्या. अँप्लिफायर त्यांच्या आतच असतो, आणि तुम्ही मीटरभर अंतरावरच बसणार असल्याने पाच-सहा इंची वूफरला इथे फार जोर पडत नाही. पहिल्या पत्रातली अडचण तुम्हाला त्या प्रमाणात येणार नाही. ट्वीटर कानाच्या उंचीवर ठेवा. मॉनिटर पियानोच्या पाठीवर थेट ठेवलेत तर त्याचं प्लॅस्टिक खडखडेल, म्हणून स्वतंत्र स्टँड हवेत. दोघांमध्ये पट्ट्यांच्या लांबीपेक्षा फारसं जास्त अंतर नको. ८८ पट्ट्या मिळून साधारण सव्वा मीटरच भरतात.

आणि पियानोतला ‘हॉल’चा परिणाम बंद करा. हेडफोनमध्ये तो लागतो, कारण तिथे खोलीच नसते. स्पीकरवर तुमची खोली आपला वाटा देतेच.

प्रश्न : वडिलांच्या जुन्या एलपीवर पियानोचे लांब स्वर डुलतात. गाण्याच्या रेकॉर्डवर तसं होत नाही. स्पीकर बिघडला आहे का? — एक वाचक

उत्तर : नाही. स्पीकर सुराची उंची हलवत नाही. डुलणं मोजून पाहा. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे १.८ सेकंदाला एक. डुलणं त्याच चालीने येत असेल तर रेकॉर्डचं भोक मध्यापासून किंचित सरकलेलं आहे. सुई आत-बाहेर झुलताना टोकाकडून पाहिलीत तर डोळ्यांनाही दिसेल. त्याहून भरभर थरथर असेल तर टर्नटेबलचा पट्टा आणि मोटर तपासून घ्या. गाण्याच्या रेकॉर्डवरही हे होतच असतं, गळ्याच्या कंपात ते मिसळून जातं. आतल्या बाजूच्या शेवटच्या तुकड्यात जोराचे स्वर फाटत असतील तर सुई पाहा. तिथे खाचेचा वेग बाहेरच्या कडेच्या निम्म्याहूनही कमी झालेला असतो, आणि झिजलेली सुई पियानोच्या ठोक्यावर सर्वांत आधी हार मानते.

प्रश्न : मी माझा पियानो चांगल्या मायक्रोफोनने रेकॉर्ड केला आणि त्याच खोलीत, भारी स्पीकरवर लावला. शेजारी खरा पियानो उभा, तरी स्पीकरमधला त्याच्यासारखा मुळीच वाटला नाही. मग या सगळ्या खटाटोपाला अर्थ काय? — हौशी वादक

उत्तर : तुम्ही स्पीकरला सर्वांत अवघड परीक्षेला बसवलंत. रेकॉर्डिंगमध्ये तुमची खोली एकदा शिरली, आणि लावताना तीच खोली पुन्हा त्यावर चढली. घुमणारे स्वर दोनदा घुमले. त्यात मायक्रोफोन झाकणाच्या आत, तारांजवळ असेल, तर तिथे कान ठेवून आपण कधीच पियानो ऐकत नाही. स्टुडिओत मी मधल्या सुट्टीत सूर दुरुस्त करायला आत-बाहेर करते. काचेपलीकडच्या मॉनिटरवरचा पियानो आणि आतला पियानो यांत अंतर कायम असतं, आणि ते स्पीकरच्या किमतीपेक्षा मायक्रोफोनच्या जागेने जास्त कमी होतं.

समोरासमोर तुलना अशक्य नाही. १९६० च्या सुमारास अकूस्टिक रिसर्च या कंपनीने फाइन आर्ट्स क्वार्टेटला मंचावर बसवून प्रत्यक्ष वादन आणि स्पीकर यांची अदलाबदल जाहीर कार्यक्रमांत करून दाखवली होती, आणि कधी काय चालू आहे हे श्रोत्यांना ओळखणं कठीण गेलं. पण ती चार तंतुवाद्यं होती. तीन मीटरच्या जवळपास लांबीचा, वर-खाली-बाजूंनी आवाज सोडणारा कॉन्सर्ट ग्रँड पियानो दोन खोक्यांतून हुबेहूब उभा करणं त्याहून फार कठीण आहे.

म्हणून आधी ठरवा: पियानो तुमच्या खोलीत यायला हवा, की तुम्ही सभागृहात जायला हवं? पहिलं हवं असेल तर कोरडं, जवळून घेतलेलं रेकॉर्डिंग निवडा आणि स्पीकर एकमेकांच्या जवळ आणा. अडीच मीटर अंतरावर ठेवलेत तर वाद्यही अडीच मीटर रुंद पसरतं. दुसरं हवं असेल तर श्रोत्यांच्या जागेवरून घेतलेलं रेकॉर्डिंग घ्या, आणि खोलीतले जवळचे परावर्तन जाड गालिच्याने व कपाटांनी कमी करा.

आवाजाची पातळीही खऱ्याच्या जवळ ठेवा. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. रात्री हळू लावलेल्या पियानोचा डावा हात गायब होतो तो यामुळे, आणि तेव्हा खर्जाचं बटण थोडं वाढवण्यात काहीच चूक नाही.

तुमच्या पुढच्या रेकॉर्डिंगसाठी मायक्रोफोन झाकणाबाहेर काढा, वाद्यापासून दीड-दोन मीटरवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. घुमणाऱ्या भिंतीपासून तो दूर असू द्या. रेकॉर्डिंगच्या आधी पियानो ट्यून करून घ्या. मग ते रेकॉर्डिंग वेगळ्या खोलीत लावा, पियानो शेजारी नसताना.